रुपालीचा लॅपटॉप

कान्हे गावातल्या आमच्या बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत मी संध्याकाळी कॉम्प्युटर शिकवायची. श्रावणातल्या एका जोरदार सरीत तो आत शिरला... स्वतः चिंब, पण छातीशी धरलेली पिशवी कोरडी.

"समीक्षा मॅडम तुम्हीच ना? कंपनीत कळलं... तुम्ही जुने लॅपटॉप चालू करता."

त्याचं नाव आदिनाथ, लोणावळ्याजवळच्या औंढ्याचा, शेतकरी मराठ्याच्या घरातला. इकडच्या कारखान्यात कामाला होता. लॅपटॉप त्याच्या बहिणीचा, रुपालीचा. ती वर्षापूर्वी डेंग्यूनं गेली होती.

"दुकानदार म्हणाला, सगळं पुसून नवीन टाकावं लागेल." तो थांबला. "पुसायचं न्हाई. तिचे फोटो आहेत आत. आणि पुढच्या महिन्यात माझी डिप्लोमाची ऑनलाइन परीक्षा ह्याच्यावरच आहे."

"काही पुसत नाही," मी म्हटलं. "विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघू. फुकट असतं. फक्त त्याचे बरेच प्रकार असतात, ह्याचं वाय-फाय कुठल्या लिनक्सला जमतं, ते शोधावं लागेल."

पहिल्या पेन ड्राइव्हनं स्क्रीन उजळली. मी फोटोंचं फोल्डर उघडलं, आणि रुपाली दिसली – भाताच्या खाचरात, गुडघाभर चिखलात उभी राहून हसणारी. आदिनाथनं तोंड फिरवलं. मी उगाच चार्जरची वायर सरळ करत बसले.

वाय-फाय मात्र दिसेना. दुसऱ्या दिवशी दुसरं लिनक्स लावलं, तरी तेच. आतल्या वाय-फाय कार्डाला ते बनवणाऱ्या कंपनीचाच एक छोटा प्रोग्राम लागत होता, आणि त्याचा कोड सगळ्यांना खुला नाही म्हणून ही दोन्ही लिनक्स तो बाळगत नव्हती. बाळगणारं एक मी तिसऱ्या दिवशी आणलं. कोपऱ्यात नेटवर्कची नावं उमटली... आम्ही दोघं एकदम पुढं झुकलो, आणि एकदम मागं सरलो.

फोटोंची प्रत काढून, जुनं काही न पुसता, मी तेच कायमचं बसवलं. परीक्षाही झाली. तरी तो येतच राहिला.

"आज काय बिघडलं?"

"काही न्हाई."

"मग?"

"तुम्ही असं विचारता ना... ते ऐकायला."

मी हसले. मग हसू आवरलं.

"आदिनाथ, समोर बाबासाहेबांची तसबीर आहे. तुझ्या घरी चालणार आहे का हे?"

"आईला सांगितलंय मी." त्याचा आवाज खाली गेला. "चार दिवस झाले, बोलत न्हाई."

"मला चोरून भेटायचं नाही. विचारायचं तर माझ्या घरी येऊन विचारायचं. तोवर येऊ नकोस."

तो मान हलवून निघून गेला. तीन आठवडे आला नाही. लोणावळ्याकडून येणारी लोकल स्टेशनात शिरली की मी शिकवता शिकवता अडखळायची... पोरं एकमेकांकडे बघायची.

मग एका संध्याकाळी अभ्यासिकेच्या दारात एक बाई उभी राहिली. मागं आदिनाथ, हातात लॅपटॉप.

"रुपालीचे फोटू तूच ह्यातनं भायेर काडलेस व्हय?" त्याच्या आईनं, भामाबाईंनी विचारलं.

"हो."

"दाव."

त्या माझ्याशेजारी बसल्या. एकेक फोटो बघताना बोट स्क्रीनवर टेकवत राहिल्या. एकदा पदर डोळ्यांना लावला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुज्या घरी कवा येऊ?"

"रविवारी या." आणि मी विचारलंच, "आई चहा करेल. घ्याल ना?"

त्यांनी मला नीट निरखून पाहिलं.

"घीन की," त्या म्हणाल्या. "साखर कमी घालाय सांग."