पालथा तांब्या

त्या दुष्काळी उन्हाळ्यात हर्सूलचा तलाव आटला होता आणि काठावर नव्या इमारती मात्र भराभर वर चढत होत्या. आमच्या इमारतीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी. तरी माझ्या बायकोचा, हिमानीचा, हट्ट कायम: उन्हातून येणाऱ्यासाठी दाराबाहेर स्टुलावर भरलेला तांब्या हवाच. समोरचे तात्यासाहेब त्यावरून तिला चिडवायचे.

मी राज्यशास्त्र शिकवतो. सशस्त्र बंडखोर साध्या माणसांनाच का मारतात, हा माझा अभ्यासाचा विषय. त्यासाठी कारभारी नावाच्या माणसाकडे जात असे. तो आधी जंगलात बंदूक घेऊन होता, मग हर्सूलच्या तुरुंगात, आणि आता तुरुंगाच्याच रस्त्यावर पाणपोई चालवायचा. माझा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. त्याचाही माझ्यावर नसावा.

"भांडण सरकारशी होतं, मग गावातली माणसं का मारलीत?"

"सरकार दिसतंय कुठं, सर? दिसतं ते गाव. कुणी पोलिसाला पाणी पाजायचं, कुणी आमाला. कोण कुणाचं, कळायचं नाय. मग ज्याच्या दारातला तांब्या पालथा, तो खबऱ्या. शेजारी बघायचे अन् गुमान कडी लावून घ्यायचे. मागून आमी जायचो."

"पालथा कोण करायचं?"

"आमाला वाटायचं, गावातलं कुणी. गावाला वाटायचं, आमी."

माझं डोकं सणकलं. पुराव्याशिवाय माणसं मारायची आणि वर ही भुताटकी! "आमच्याही दारात तांब्या असतो," मी खोचकपणे म्हणालो.

"आत घ्या तो," कारभारी म्हणाला. "हितं येताना कोण कोण बघतंय तुमाला."

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो, तर पाणपोईवर कुणी नव्हतं. रांजणावरचा तांब्या पालथा होता. शेजारच्या पंक्चरवाल्या धोंडिबाला विचारलं. रोज कारभारीच्या मांडीला मांडी लावून बसणारा माणूस तो.

"कोण कारभारी?" म्हणाला, आणि गिऱ्हाईकाचं चाक तसंच टाकून त्यानं शटर ओढलं.

खरं सांगतो, मी भ्यालो. तडक घरी आलो.

हिमानी दाराबाहेर उभी होती. स्टुलावरचा तांब्या पालथा होता. स्टूल कोरडं ठणठणीत.

"तू केलास?" मी विचारलं.

"नाही. मला वाटलं, तू."

तात्यासाहेब दारात आले. मी नमस्कार केला. त्यांनी तांब्याकडे पाहिलं आणि दार लावलं. कडी वाजली.

मग पलीकडची.

"हिमानी, अगं, हा कुणाचा तरी चावटपणा आहे."

ती मला न्याहाळत होती. "तिथं जाऊन तू कुणाला काय सांगतोस, अमेय?"

मी तोंड उघडेपर्यंत ती घरात गेली.

आमच्या दाराची कडी लागली. आतून.