कुसुमाची फुलं

तुंगारेश्वरच्या वाटेवर ते झाड असं लालेलाल पेटलं होतं, की प्रिस्काने स्कूटर करकचून थांबवली. ईस्टरआधीच्या उपवासकाळात चर्चच्या वेदीवर फुलं ठेवत नाहीत. निदान घरात तरी असावीत! तिने उडी मारून फांदी ओढली.

"फुलं नाहीत ती," खोडामागून आवाज आला. "पानं आहेत. कोवळी."

एक लांबडा तरुण खोडाला नाक लावून उभा होता. गळ्यात दोरी, दोरीला भिंग.

"मला काय पानंफुलं कळत नाहीत?"

"बघा ना..."

भिंग पुढे आलं. पानंच होती! मऊ, लोंबती, उजेडात एकेक शीर गुलाबी. दोरी त्याच्या गळ्यातच असल्यामुळे बघायचं तर त्याला खेटूनच बघावं लागत होतं. प्रिस्काने अंमळ जास्तच वेळ बघितलं.

तो अर्नाळ्याचा लेस्ली. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा. झाड कुसुमाचं.

मग दर रविवारी चर्चमधली मिस्सा संपली की तिची स्कूटर आपोआप इकडे वळायची. घरी मात्र जीव थाऱ्यावर नव्हता. कॅनडाचं स्थळ आलं होतं. ईस्टरनंतर बोलणी, आणि त्याच्या आठवडाभर आधी, झावळ्यांच्या रविवारी, आईला उत्तर हवं होतं. हे तिने लेस्लीला मुद्दाम सांगितलं... चेहरा बघायला. तो "अं" म्हणाला आणि सालीची ढलपी खरवडत बसला.

"सारखा बघतच असतोस. बोलणार कधी?"

"नीट न बघता बोललो, की चुकतं माझं."

"आणि तोवर पानं हिरवी झाली तर?"

झालीच. झावळ्यांच्या रविवारी ती आली, तेव्हा झाड चारचौघांसारखं हिरवंगार उभं होतं. हातातली चर्चची झावळी तिने पिळून पिळून दोरी केली होती.

"संपलं ना बघण्यासारखं?" तिचा आवाज चिरकला.

"जवळ ये." त्याने फांदी वाकवली, भिंग धरलं. पानांच्या बगलेत हिरवट-पिवळे बारीक तुरे. पाकळ्यासुद्धा नाहीत बिचाऱ्यांना!

"फुलं हवी होती ना तुला? त्या दिवसापासून... हीच शोधतोय."

प्रिस्काने भिंग हिसकावलं आणि त्याच्याच कानावर धरलं.

"अगं, काय—"

"आता मला बघू दे. इथे पालवी फुटलीय वाटतं. लालबुंद!"

तो हसला नाही. "प्रिस्का... जाऊ नकोस ना."

एवढंच. एवढ्यासाठी अख्खा उपवासकाळ!

"फळं कधी येतात याला?"

"पावसाच्या तोंडाला. पण आंबट असतात गं."

तिने मोबाइल काढला. "आई, कॅनडावाल्यांना नाही म्हणून कळव... नाही गं, ऊन नाही लागलं मला. घरी येऊन सांगते. येऊन म्हणजे... येऊ. दोघं."

फोन पर्समध्ये टाकून ती त्याच्याकडे वळली.

"आंबट चालतं मला."