धावरेषा

देवखोल शहरात पुराचा भोंगा वाजला की हल्ली कुणी आरडाओरडा करत नाही. गॅस बंद करायचा, दार ओढून घ्यायचं आणि आपल्या माणसाकडे जायचं. ते माणूस शेजारीच राहत असतं. खाडीचं पाणी वस्तीत शिरतं, खांबांवरच्या घरांखालून फिरतं आणि ओहोटीबरोबर निघून जातं. मोठ्या पुरात निम्मं शहर वाहून गेलं होतं. नव्या वस्तीत मात्र आजवर एकही माणूस दगावलेलं नाही.

द्वारकाबाई मयेकरांना या वस्तीचं फार कौतुक. त्यांची जुनी खानावळ पुरात गेली, पण इथल्या सामायिक स्वयंपाकघरात त्यांचाच शब्द चालायचा. धाकटा उदय भिंतीला भिंत लावून राहत होता. सलत होती ती एकच गोष्ट. थोरल्या सुधाकरला घर मिळालं होतं पुलापलीकडे. औषधं आणणारा, दुखणं काढणारा, रोज संध्याकाळी चक्कर टाकणारा मुलगा तोच.

एका सकाळी द्वारकाबाई वस्तीची आखणी करणाऱ्या डॉ. मृदुला सामंतांकडे गेल्या.

"बाई, माझ्या सुधाकरला अलीकडे आणा. चिठ्ठी चुकीची निघाली म्हणून काय जन्मभर लांब राहायचं?"

"चिठ्ठ्या टाकल्याच नव्हत्या, काकू," सामंत म्हणाल्या. "घरं धावरेषेवरून दिलीत."

"ती काय असते?"

सामंतांनी समजावून सांगितलं. मोठ्या पुरात देवखोलची बरीच माणसं एकमेकांना शोधायला पाण्यात उतरली आणि बुडाली. प्रत्येकाच्या मनगटावर पट्टी होती, त्यात हालचालींची नोंद झाली होती. ती तपासताना दिसलं, की भोंगा वाजल्यावर, विचार सुरू होण्याआधीच, पावलं कुणा एकाच्या दिशेने वळतात. ती दिशा म्हणजे धावरेषा. ती वर्षानुवर्षांच्या सवयीने अंगात मुरते. ठरवून बदलत नाही. दोन माणसांच्या धावरेषा एकमेकांकडे जात असल्या, तर त्यांना शेजारी ठेवायचं. मग शोधायला पाण्यात उतरायची वेळच येत नाही.

"मग सुधाकर माझ्याकडे धावला नव्हता होय?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"धावला होता. मोठ्या पुरात आणि त्याआधीच्या पुरातही, सरळ तुमच्या दाराशी. पण दोन्ही वेळा उदय तुमच्याकडे निघाला होता, आणि तुम्ही उदयकडे."

द्वारकाबाईंना सगळं आठवलं. उदयला लहानपणी फिट यायची. कुठे भांडं पडलं तरी त्या हातातलं टाकून त्याच्याकडे पळायच्या. तो बरा झाला, त्याला मिशा फुटल्या, त्याचं लग्न झालं. पायांना ते कुणी सांगितलंच नव्हतं. आणि मोठ्या पुरात सुधाकर रिकाम्या घरात, छातीभर पाण्यात, 'आई, आई' करत त्यांना शोधत राहिला होता. होडी आली म्हणून वाचला.

"त्याला यातलं काही सांगू नका," त्या कशाबशा म्हणाल्या.

"काकू, ते मागेच त्याने विचारलं होतं. घर मिळालं तेव्हाच."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. ठाऊक असूनही तो रोज येत होता, उदयच्या पोरांना खांद्यावर घेत होता, आईच्या हातचं सांबारं मागून खात होता. द्वारकाबाई घरी आल्या त्या एक निश्चय करूनच. पुढच्या वेळी भोंगा वाजला की पुलाकडे जायचं. काही झालं तरी पुलाकडेच.

आणि त्या मनोमन घोकत राहिल्या. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, पूल उजव्या हाताला, पूल उजव्या हाताला.

पावसाळ्याच्या तोंडाशी, भर दुपारी, सरावाचा भोंगा झाला. द्वारकाबाई आपल्या घरी पोळ्या लाटत होत्या. भानावर आल्या तेव्हा पिठाच्या हातांनी त्या उदयचा दंड धरून उभ्या होत्या.

"अगं आई, सराव आहे नुसता," उदय हसला.

त्यांचे डोळे भरून आले. आता सुधाकर शेजारी माझ्या रिकाम्या घरात हाका मारत असेल, या विचाराने त्या दाराकडे वळल्या. तर सुधाकर जिना चढून वर येत होता. उदयच्याच जिन्याने. मजेत, जराही धाप न लागता.

"तू... माझ्या घरी नाही गेलास?"

"तिथे कशाला जाऊ?" त्याने खांद्यावरच्या टॉवेलने त्यांच्या हाताचं पीठ पुसलं. "आता मी सरळ इकडेच येतो, आई. इथे तू हमखास सापडतेस."