पाचाच्या आत उठव

तिचं डोकं खांद्यावर येऊन पडलं, तेव्हा हर्षदला खरं तर राग यायला हवा होता. पण राग यायलासुद्धा अंगात थोडी ताकद लागते, आणि खालापूरच्या औषध कारखान्यात रात्रपाळी करून आलेल्या माणसाकडे सकाळी ती उरलेली नसते. नेरळहून कळंबकडे निघालेल्या दत्ताच्या टमटममध्ये तो कोपरा धरून बसला होता. शेजारी ही… निळा गणवेश, घट्ट अंबाडा, ओठांवरची लाली अजून शाबूत, आणि टाचांचे बूट काढून मांडीवर घेतलेले. पोशीरची विमानातली पोरगी, एवढं त्याला ऐकून माहीत होतं. तिच्या कंपनीची गाडी नेरळपर्यंतच सोडायची.

पोशीरच्या अलीकडे त्याची वाडी आली. उतरायचं तर खांदा काढून घ्यावा लागणार. त्यानं तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांखालचं काळं रंगाच्या थराखालूनही दिसत होतं. जाऊ दे, ती पोशीरला उतरेल तेव्हा आपणही उतरू, येऊ चालत, असं म्हणत त्यानंही क्षणभर डोळे मिटले.

क्षणभर कसलं! दोघं जागे झाले ते थेट कळंबच्या नाक्यावर, तेही दत्तानं पत्र्यावर थाप मारली म्हणून.

ती दचकून ताठ बसली आणि पुरते डोळे उघडायच्या आतच गोड आवाजात म्हणाली, "सर, चहा की कॉफी?"

हर्षद बघतच राहिला. "चहा," तो म्हणाला. "साखर कमी."

मग कुठे ती भानावर आली. कानापर्यंत लाल झाली. "सॉरी सर… पोशीर आलं?"

"पोशीर मागं गेलं. माझी वाडी त्याच्याबी मागं."

"मंग उठवलं का नाय आमाला?" ती दत्तावर उखडली. गोड आवाज कुठल्या कुठे पळाला.

"जोडीनं झोपला व्हता, ताई! मला वाटलं, नवरा-बायको हाय. म्हनलं, निजू दे बापड्यांना."

दोघांनी एकमेकांकडे पाहायचं टाळलं, आणि मग नाक्यावर तिनं खरोखरच चहा पाजला. नाव ऋतिका. हसायची तेव्हा एक डोळा आधी झोपायचा… निदान हर्षदला तरी तसं वाटलं.

त्यानंतर पाळ्या जुळल्या की गाठ पडायची. कारखान्यात रात्रपाळीला एक उकडलेलं अंडं आणि एक केळं मिळतं. हर्षद केळं खाईनासा झाला. ती टमटममध्ये असली की केळं तिला, नसली की दत्ताला. त्या थंडीत दत्तानं बरीच केळी खाल्ली.

"किती झाले?" ती सोलता सोलता विचारायची.

"फुकट."

"आमच्या विमानात फुकट फक्त पाणी असतं, कळलं?" एकदा हे बोलता बोलता ती सोलायची थांबली. स्वस्तातली विमान कंपनी, जेवण विकत. "परवा एक बाबा व्हते. पयल्यांदाच विमानात बसलेले. पुलावाचा डबा हातात घेतला, किंमत ऐकली, नि परत दिला. म्हनले, भूक नाय पोरी. आमच्या घरात भुकेल्याला वाढल्याबिगर कुनी पुढं सरकत नाय रं… आन् मी ट्रॉली ढकलली."

हर्षदनं अंडंही देऊन टाकलं.

आणि मग ती बातमी आली. कंपनी लांब पल्ल्याची मोठी विमानं आणत होती. थेट युरोपला जाणारी, आणि इतक्या लांबच्या प्रवासात जेवण तिकिटातच. ऋतिकाची त्यासाठी निवड झाली होती. पण मुक्काम दिल्लीला हलवावा लागणार होता.

"दोनदा जेवाण द्यायचं, गरम," ती सांगत होती. "कुनाकडं पैसं मागायचं नाय. नुसतं वाढायचं."

"जा की मंग," हर्षद म्हणाला, आणि बाहेर बघू लागला.

"जाऊ?"

"मला काय इचारतीस?"

"तुला नाय तर दत्ताला इचारू?"

होकार कळवायच्या शेवटच्या दिवशी दोघांची सुट्टी जुळली. मोटरसायकलवर ती दोघं पळसदरीच्या धरणावर गेली. ऋतिकानं डबा आणला होता. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं. खूप बोलायचं होतं. पण झाडाखाली चादर पसरली, हिवाळ्याचं ऊन पाठीवर आलं, आणि तिला जांभई आली. तिचं बघून त्यालाही आली.

"जरा पडते," ती म्हणाली. फोन उघडून तिनं त्याच्या हातात दिला. होकाराचं बटण समोरच होतं. "पाचानंतर हे बंद व्हनार. मला ठरवताच येईना. गजर नाय लावत, जन्मभर गजरावर उठतेय. तू उठव. पाचाच्या आत."

डबा उघडायच्या आत दोघंही झोपली.

शेळ्यांच्या घंटांनी हर्षदला जाग आली. ऊन उतरलं होतं. त्यानं घाबरून फोन पाहिला. पाचाला थोडाच अवकाश होता. ऋतिका कुशीवर निजली होती, तोंड जरासं उघडं, अंबाडा सुटलेला. इतकी निवांत त्यानं तिला कधी पाहिली नव्हती.

नाही उठवलं तर?

मलाही डोळा लागला, एवढं म्हटलं की झालं. कोण अविश्वास दाखवणार? टमटम राहील, केळं राहील, ही राहील. हर्षदला ती हवी होती, अगदी पोटातून हवी होती. तो तसाच बसून राहिला. फोनवरचा आकडा बदलला… आणखी एकदा बदलला.

मग त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "ऋतिका. ऊठ गं. पाच वाजायला आलं."

ती धडपडत उठली. फोन घेतला, त्याच्याकडे पाहिलं. "काय करू?"

"तुला वाढायचंय ना? मंग वाढ जा."

तिनं बटण दाबलं.

"कवा जागा झालास?" तिनं विचारलं.

"मगाशीच."

"मंग?"

"इचार करत व्हतो… उठवावं का नको. मला तू हवी हायस गं. पन अशी झोपेत ठेवलेली नको."

ऋतिकाचे डोळे भरले. तिनं तसंच हसत डबा उघडला, भाकरीवर बिरडं घातलं आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरलं. "सर, जेवणार?"

"किती झाले?"

"लांबच्या विमानात फुकट असतंय." मग खाली बघत म्हणाली, "मला बी तूच हवा हायस. सुट्टी मिळाली की येन. नेरळला उतरन, दत्ताच्या टमटममध्ये बसन."

"आन् झोपशील."

"झोपनारच. तू असशील ना शेजारी?"

"असंन की. पोशीर आलं की उठवीन."

"नको," ती म्हणाली आणि डोकं त्याच्या खांद्यावर टेकवलं. "कळंबपर्यंत जाऊ दे."