दोन सह्यांची वही

पटत नसेल तर इथेच थांबा. पण यात माझ्या पदरचं एक अक्षर नाही.

माझ्या आत्याला दोन मुली. थोरली आणि धाकटी. जे घडलं ते धाकटीच्या बाबतीत, एका बुधवारी, भर दुपारी सव्वातीनला. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या घरात. भुतं अंधार पडायची वाट बघतात, हे कुणी ठरवलं देव जाणे.

दोघी मिळून गोष्टींचे गेम लिहायच्या. फोनवर मजकूर वाचायचा, खाली दोन पर्याय येतात, एक निवडायचा, की गोष्ट तिकडे वळते. सगळ्या गेममध्ये एक नावाडीण होती. तोंडाने फटकळ, पण जीव लावणारी. लोक तिच्यासाठीच पुढचा गेम घ्यायचे.

गेम बदलला तरी माणूस बदलू नये, म्हणून थोरलीने एक वही केली होती. प्रत्येक पात्राला एक पान. वर लिहिलेलं, ‘हे ती कधीच करणार नाही’. खालची ओळ खोडायची, तर शेजारी दोघींच्या सह्या हव्यात. यावरून दोघी कडाकडा भांडायच्या.

नावाडिणीच्या पानावर एकच ओळ होती. ‘कुणालाही पलीकडे एकटं सोडून येणार नाही.’

दुसरा गेम झाला आणि थोरली गेली. हॉस्पिटलमध्ये, दुपारीच.

“शेवटपर्यंत तिचा हात माझ्या हातात होता,” धाकटी सगळ्यांना सांगायची.

तिसऱ्या गेमचा शेवट काही केल्या सुचेना. मग सुचला. नावाडीण वाचणाऱ्याला पलीकडे सोडून निघून जाते. एकदम धक्का! फक्त ती ओळ आडवी येत होती.

धाकटीने वही काढली. ओळ खोडली. आपली सही केली.

आणि थोरलीचीही केली. हुबेहूब.

“आता ती थोडीच विचारायला येणार आहे?” ती स्वतःशीच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, चष्मिसचा फोन आला. चष्मिस म्हणजे त्यांनी लिहिलेल्या मजकुराचा फोनवर चालणारा गेम करून देणारा जुना मित्र. नवा शेवट तिने रात्रीच त्याला पाठवला होता.

“अगं, शेवटी नावाडीण बोलतच नाहीये. तिची वाक्यं कुठे गेली?”

तिने मजकूर परत पाठवला. बाकी सगळं जागच्या जागी... नावाडिणीची वाक्यं तेवढी गायब.

तिसऱ्यांदा पाठवला.

शेजारच्या खोलीत खुर्ची सरकली... थोरलीची खोली. महिनाभर कुलूपबंद.

एवढ्यात पुन्हा फोन.

“वाक्यं आली. पण... हे तू लिहिलंयस?”

“वाच बघू.”

“‘मी कुणाला सोडून जात नाही. सोडून ती गेली. बाहेरच आहे म्हणाली, आणि घरी गेली लिहायला.’”

धाकटीच्या पायाखालची जमीन सरकली.

कारण ते खरं होतं. त्या दुपारी थोरली म्हणाली होती, “जाऊ नकोस गं.” ही म्हणाली, “बाहेरच आहे, पाच मिनिटं.” आणि सरळ घरी गेली. तिसऱ्या गेममधला एक प्रसंग अर्धा राहिला होता ना! परतली तेव्हा थोरलीच्या तोंडावर चादर ओढलेली होती. ही गोष्ट तिने कुणालाही सांगितली नव्हती.

“तिने हॉस्पिटलमधून तुला फोन केला होता ना? आणि तू आत्ता असा सूड उगवतोस?” ती किंचाळली. “घरचा मानला होता रे तुला! केसाने गळा कापलास!”

“अगं, कुणाचा फोन? मी काहीच...”

तिने फोन आपटला. बारा वर्षांची मैत्री एका मिनिटात संपली. ती ढसाढसा रडली.

मग तिने गेम स्वतः उघडला. वाक्यं तिथेच होती. खाली दोन पर्याय हवेत. होता एकच.

‘वही उघड.’

शेजारच्या खोलीत पेन कागदावर चालत होतं... मग थांबलं.

वही तिच्या टेबलावर नव्हती. तिने कुलूप काढलं. आत कुणीच नव्हतं. वही थोरलीच्या टेबलावर होती.

नावाडिणीच्या पुढे एक नवं पान. अक्षर थोरलीचं. वर नाव, ‘धाकटी’.

‘हे ती कधीच करणार नाही.’

खाली एकच ओळ... ‘मला एकटं सोडून जाणार नाही.’

ओळ खोडलेली होती. शेजारी दोन सह्या. एक थोरलीची, शाई अजून ओली.

दुसरी धाकटीची. हुबेहूब.

ती धाकटीने केलीच नव्हती.

चष्मिसची माफी तिने अजून मागितलेली नाही. मागणार तरी काय सांगून? गेम बंद पडला तो पडलाच. वही तिने माझ्याकडे आणून टाकली. मी ती उघडत नाही.

थोरली हॉस्पिटलमध्ये होती, तेव्हा मीही तिला फोनवर म्हणालो होतो, “उद्या नक्की येतो.” आणि वहीत अजून बरीच पानं कोरी आहेत.