शुक्रवारपर्यंत अनोळखी

“ही खुर्ची सोडून काय हवं ते न्या,” ओर्ला म्हणाली. “शुक्रवारपर्यंत मी हिच्यावरून हलणार नाही.”

दारात पावसात चिंब भिजलेला एक तरुण उभा होता. नाव डोनल, धंदा जुन्या फर्निचरचा. त्याने तिच्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे… आणि फक्त टेबलावरचा दिवा उचलला.

“एवढंच?”

“आज एवढंच. बाकीचं उद्या.”

बाहेर त्याची भली मोठी व्हॅन उभी होती. सगळं ऑफिस एका खेपेत मावलं असतं! ओर्ला गालातल्या गालात हसली.

आडनावामुळे, रंगामुळे कुणाला घर नाही, नोकरी नाही म्हणून सांगितलं, की आयर्लंडमधल्या गॉलवे शहरातली माणसं सल्ला घ्यायला या केंद्रात यायची. सरकारने अनुदानच बंद केलं. शुक्रवारी केंद्राला कुलूप लागणार, ओर्लाची नोकरीही जाणार. पण रडत बसेल ती ओर्ला कसली!

दुसऱ्या दिवशी डोनल एक कपाट घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी नुसती कोट अडकवायची खुंटी.

“तुमचा धंदा चालतो तरी कसा हो?” तिने विचारलं.

“या आठवड्यात चालतच नाहीये,” तो म्हणाला. कान लालबुंद झाले होते बिचाऱ्याचे.

त्याच दिवशी विनी वॉर्ड आली. विनी ट्रॅव्हलर समाजातली, पिढ्यान्‌पिढ्या गाडीघरांतून फिरलेल्या लोकांची मुलगी. तिला ऑगस्टमधल्या एका शनिवारी लग्नासाठी हॉटेलचा हॉल हवा होता. फोनवर हॉल मोकळा होता. ‘वॉर्ड’ हे ट्रॅव्हलरांचं आडनाव ऐकल्याबरोबर तो भरला.

“पाचवं हॉटेल आहे हे,” विनी म्हणाली. “लग्न काय रस्त्यावर लावू?”

अशा वेळी केंद्राची एक पद्धत होती. दुसऱ्या आडनावाचं खोटंखोटं जोडपं पाठवायचं आणि तोच दिवस मागायचा; मिळाला, की हॉटेलचा खोटेपणा उघड. पण नेहमीचा स्वयंसेवक तापाने फणफणला होता.

“डोनल,” ओर्लाने विचारलं, “सूट आहे का तुमच्याकडे?”

हॉटेलात मॅनेजरबाईंनी हसून स्वागत केलं. “तोच शनिवार? मोकळा आहे की! बरं, जमलं कसं तुमचं?”

हे कुठे ठरलं होतं! ओर्ला गडबडली. डोनल मात्र शांतपणे म्हणाला, “मी हिची खुर्ची न्यायला गेलो होतो. हिने दिली नाही. मग मी रोज एकच वस्तू न्यायला लागलो… सगळं नेलं, तर उद्या जायचं काय निमित्त काढून?”

“अगं बाई, किती गोड!” मॅनेजरबाई म्हणाल्या.

हे खरं की नाटक, ओर्लाला तिथल्या तिथे विचारायचं होतं. पण विचारायची सोय नव्हती. दोघांची साक्ष वेगवेगळी नोंदवून होईपर्यंत आपसात चकार शब्द बोलायचा नाही, हा केंद्राचा नियम. समुद्राकाठच्या वाऱ्यात दोघं मुक्यानेच चालत आली. एकदा त्याचा हात तिच्या हाताला लागला—दोघांपैकी कुणीच तो बाजूला घेतला नाही.

केंद्रप्रमुख नोरीनने ओर्लाची साक्ष घेतली. डोनलचं ते वाक्य सांगताना ओर्लाचा आवाज कापला.

“हं,” नोरीन चष्म्यावरून बघत म्हणाली. “शुक्रवारी मालकाशी बोलून निकाल लागेपर्यंत लांब राहा दोघं. हॉटेलचा वकील म्हणेल, साक्षीदारांचं साटंलोटं आहे. त्यात विनीचा हॉल जाईल.”

डोनल आलाच नाही मग. ऑफिसातून दिवा, कपाट, खुंटी गेली होती, पण ओर्लाला वाटे, गेलाय तो फक्त डोनल. असला राग आला तिला स्वतःचा! चार दिवसांची ओळख, आणि दार वाजलं की जीव वर-खाली.

शुक्रवारी नोरीनने हॉटेलमालकाला स्पीकरवर फोन लावला. विनी शेजारी नखं खात बसली होती. आज तो नमला नाही, तर उद्यापासून तिच्या बाजूने फुकटात भांडायला कोणीच नव्हतं.

“आमच्या बाई सांगतात, ती दोघं खरोखरच प्रेमात होती,” मालक फोनवर गुरगुरला. “संगनमत आहे हे!”

ओर्लाने सरळ नोरीनच्या हातातून फोन घेतला.

“बरोबर सांगतात तुमच्या बाई. माझं त्याच्यावर प्रेम आहे. हॉल मागायला आले, तेव्हा मला ते कळलंही नव्हतं. पण तुमचा शनिवार मोकळा होता, हेही खरं. आणि विनीला तुम्ही खोटं सांगितलंत, तेही खरंच. न्यायाधीशांपुढे मी तिन्ही सांगेन. माझी नोकरी आज संपतेय, साहेब. सोमवारपासून मला वेळच वेळ आहे.”

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

“…कुठल्या नावाने लिहू?” मालकाने विचारलं.

“वॉर्ड,” ओर्ला म्हणाली. “आणि माफीचं पत्र त्याच नावाने पाठवा.”

विनीने अशी किंकाळी फोडली, की रस्त्यावरची माणसं थांबली. ओर्ला फोन ठेवून वळली. दारात डोनल! व्हॅनची किल्ली हातात तशीच लोंबत होती.

“कधी आलास?” ती एकदम ‘तू’वर आली.

“‘बरोबर सांगतात’पासून.” त्याने किल्ली खिशात टाकली. “ते… फोनवरच सांगायचं होतं का? मला नाही सांगणार?”

“सांगते की!” म्हणत ती त्याच्यापाशी गेली, आणि विनी-नोरीनच्या देखत, खणखणीत आवाजात तिने सांगितलं.