एका माणसाची जागा

मी स्टुलावर उभी राहून एका जुन्या ग्रुप फोटोची काच पुसत होते. धुळीखालून मागच्या रांगेतला एक चेहरा वर आला. जुळत आलेल्या भुवया, लांब हनुवटी, आणि कुणीतरी आत्ताच हाक मारल्यासारखे डोळे.

"सांभाळून. काच तडकलीय," मागून कोणीतरी म्हणालं.

मी वळले. तोच चेहरा व्हरांड्यात उभा होता.

माझ्या हातातलं फडकं पडलं. त्याने ते उचललं, झटकलं आणि परत दिलं. बोटाला बोट लागलं तेव्हा ते कोमट होतं, एवढाच काय तो दिलासा.

"घाबरवलं का मी?"

"नाही... म्हणजे, तुम्ही कोण?"

"स्टुडिओतून आलोय. विभागाला शंभर वर्षं होतायत ना, प्रदर्शनासाठी या सगळ्या फोटोंच्या कॉपी करायच्यात."

मी फोटोखालचं साल दाखवलं. "या साली तुम्ही कुठे होता?"

"या साली माझे आजोबा हाफ पँटमध्ये होते," तो हसून म्हणाला. मग त्याने मी दाखवलेल्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्याचं हसू मावळलं.

मी इतिहासाच्या शेवटच्या वर्षाला होते. माझा मामा याला 'मेलेल्यांच्या भानगडी' म्हणायचा आणि आई दर रविवारी विचारायची, पुढे काय करणार. प्रकल्पाचे विषय वाटले त्या दिवशी मी गैरहजर होते, म्हणून कुणाला नको असलेला विषय माझ्या गळ्यात पडला— व्हरांड्यातल्या ग्रुप फोटोंची यादी करणं. कोण उभं, कोण बसलेलं, कुणाचं पुढे काय झालं. कंटाळवाणं काम होतं. तो चेहरा दिसेपर्यंत.

कारण तो एकाच फोटोत नव्हता. पुढच्या वर्षीच्या फोटोत होता, त्याच्या पुढच्याही. आम्ही दोघं शेजारी शेजारी चालत भिंतीवरून पुढे सरकत गेलो. मुलांचे कपडे बदलले, मुलींच्या वेण्या आखूड झाल्या, प्राध्यापकांचे केस पांढरे झाले, नाहीसे झाले. तो मात्र प्रत्येक वेळी मागच्या रांगेत, तसाच, एकोणीस-वीस वर्षांचा. सलग सत्तावीस वर्षं. अठ्ठाविसाव्या फोटोत तो नव्हता.

फोटोंखाली नावं टाइप केलेली होती. मी मोजली. प्रत्येक वेळी नावांपेक्षा डोकं एक जास्त होतं.

"उद्या पण येणार ना?" त्याने विचारलं.

"तुम्ही?"

"मला यावंच लागेल. माझाच फोटो आहे म्हणाना."

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी अकराच्या सुमाराला तो कॅमेरा आणि स्टँड घेऊन यायचा. मी वही घेऊन बसायची. तिसऱ्या दिवशी आम्ही 'तुम्ही' वरून 'तू' वर आलो, ते कुणी आधी केलं यावर पुढे आमचं भांडण झालं. त्या व्हरांड्यात दिवसाही गार लागायचं. मधेच कॅमेरा खाली ठेवून तो म्हणायचा, "मागे बघ जरा, कोणी आहे का?" आणि मी बघायची. कोणी नसायचं. पण आम्ही दोघंही जरा जवळ सरकून बसायचो.

एका सकाळी त्याने भिंग माझ्या हातात दिलं. "सगळ्यांच्या नाकाची सावली बघ."

"उजव्या गालावर."

"आता त्याची."

त्याची सावली डाव्या गालावर होती. बाकीच्यांवर एका बाजूने ऊन होतं, त्याच्यावर दुसऱ्या बाजूने. भिंग धरलेल्या माझ्या हातावर त्याचा हात होता. तो त्याने काढून घेतला नाही. मीही आठवण करून दिली नाही.

एका फोटोतले एक सर अजून हयात होते. मी त्यांच्याकडे गेले. ब्याऐंशी वर्षांचे, खिडकीपाशी शाल घेऊन बसलेले. फोटो बघून त्यांनी लगेच बोट ठेवलं— त्या चेहऱ्याच्या शेजारी.

"हा मी. फोटोग्राफर म्हातारे होते. म्हणाले, मागच्या रांगेत मध्ये एका माणसाची जागा सोडा. आम्हाला वाटलं, कोणी यायचं राहिलंय. सोडली. कोणी आलं नाही. फोटो काढून झाला, आम्ही पांगलो." त्यांनी शाल खांद्यावर ओढून घेतली. "महिन्याने फोटो लागला, तेव्हा माझ्या शेजारी हा उभा होता."

"तुम्ही विचारलं नाही?"

"कुणाला विचारणार? वर्षभर मला हा खांदा गार लागायचा, पोरी."

ते ऐकून मी सरळ स्टुडिओत गेले. त्याची आत्या काउंटरवर होती, तो मागे कॅमेरा पुसत होता. बापाच्या मागे दुकान तिनेच सांभाळलं होतं आणि याला धंदा शिकवला होता. मी फोटो पुढे ठेवला. तिने तो जवळ ओढून घेतला.

"माझे काका," ती म्हणाली. "इतिहास शिकत होते. दुसऱ्या वर्षाला ताप आला आणि चार दिवसांत गेले. आजोबा स्वतः फोटोग्राफर, पण पोराचा ग्रुप फोटो काढायचा त्यांच्याकडून राहून गेला."

मला सगळं एकदम कळलं. बापाने दरवर्षी कॉलेजात जायचं, जागा सोडायला सांगायची, आणि घरी येऊन मुलाचा एकुलता एक फोटो त्या जागेत छापायचा. स्वतः मरेपर्यंत, सत्तावीस वर्षं.

"हे लिहायचं नाही," आत्या म्हणाली. "लोक म्हणतील, यांनी फोटो खोटे केले. चार पिढ्यांचं नाव आहे दुकानाचं."

त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

घरी आल्यावर मी दोन दिवस काहीच लिहिलं नाही. तो चेहरा गाळून यादी केली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. पण मग मी तीन वर्षं काय शिकले? तिसऱ्या दिवशी सगळं लिहून काढलं, सावल्यांसकट, सरांच्या खांद्यासकट. ती पानं घेऊन मी स्टुडिओच्या दारात गेले.

"मी लिहिलंय," मी त्याला म्हटलं. "तुम्ही दोघं वाचा. मग मला काय बोलायचं ते बोला."

"आणि आम्ही नको म्हटलं तर?"

"तर मी दुसरा विषय मागून घेईन. वर्ष गेलं तरी चालेल. पण फोटोतल्या त्या मुलाला काढून टाकून मी हा प्रकल्प देणार नाही."

त्याने पानं घेतली. दार लोटलं. त्यानंतर आठ दिवस तो व्हरांड्यात आला नाही. स्टँडच्या तीन पायांचे ठसे धुळीत तसेच होते. मी तिथे एकटी बसायची, आणि खरं सांगते, त्या दिवसांत भिंतीवरच्या चेहऱ्याची भीती वाटली नाही. भीती वाटायची ती दुसराच चेहरा परत दिसणार नाही याची.

नवव्या दिवशी दुपारी तो आला. काखेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"आत्याने दोनदा वाचलं," तो म्हणाला. "रडली. मग माळ्यावर चढली आणि हे काढलं. काकांच्या फोटोची मूळ काचेची प्लेट, निगेटिव्ह. म्हणाली, पोरीला पुरावा लागेल."

"आणि तू?"

"मी... चल, डार्करूममध्ये चल. एकट्याने हे करायचा धीर होत नाहीये मला."

लाल दिव्याखाली त्याने कागदावर प्लेट ठेवली, क्षणभर उजेड दिला आणि कागद ट्रेमध्ये सोडला. आम्ही वाकून बघत राहिलो. आधी काहीच नाही. मग पाण्याच्या तळातून भुवया आल्या. हनुवटी आली. मग खांदे, कोट, मांडीवरची वही. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या मुलाला पूर्ण बघत होते. त्याच्यावर वाकलेला हा दुसरा, तसाच, श्वास रोखून. द्रावण हललं की दोन्ही चेहरे हलायचे. मी याची बाही घट्ट धरली.

"एकोणीसचा होता," तो हळूच म्हणाला. "मी चोवीसचा. आता मी त्याच्यापेक्षा मोठा आहे. विचित्र वाटतं."

पुढे परीक्षकांनी ती प्रिंट बराच वेळ हातात धरून ठेवली, आणि प्रदर्शनात सत्तावीस फोटोंखाली एकेक नाव वाढलं. स्टुडिओला कुणीही नावं ठेवली नाहीत. उलट लोक दुकानात येऊन आत्याशी बोलत बसले. पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी मला यातलं काही माहीत नव्हतं. मला एकच गोष्ट माहीत होती आणि ती मी सांगून टाकली.

"तू मला आवडतोस."

त्याने चिमट्याने प्रिंट उचलली. ती त्याने नळाखालच्या पाण्यात सोडली.

"दहा मिनिटं धुवावी लागते," तो म्हणाला. "घाई केली की डाग पडतात."

"बरं," मी म्हटलं.

लाल अंधारात पाण्याची धार तेवढी ऐकू येत होती. मी बाही सोडली नव्हती. तो पाण्यातल्या मुलाकडे बघत होता, की माझ्याकडे, ते कळत नव्हतं. सातव्या मिनिटाला त्याने नळ बंद केला आणि ओला हात माझ्या हातात दिला.

"मलाही," तो म्हणाला.